गोळीचं बटण

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी दाजींच्या उजव्या अंगठ्यातला जोर गेला. नसांचा आजार. अंगठ्यापासून सुरू होतो, वर चढत जातो, औषध नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. सारा जन्म लेथ मशीनवर काढलेला माणूस घरी बसला.

लेक सासरी गेली, तिचा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा मागे राहिला. त्यात धाकट्याला, म्हणजे दाजींच्या मेहुण्याला, एक जुना गेम सापडला. त्याच्या ताईचं दाजींशी लग्न नवं होतं तेव्हा हे दोघे नाक्यावरच्या दुकानात नाणं टाकून तोच खेळायचे. एक विमान, उजवीकडून सरकत येणारं आभाळ, आणि समोरून शत्रूंची झुंबड. शेवट दोघांपैकी कुणीच बघितला नव्हता.

"एकदा तो बघायचा," दाजी म्हणाले. "हात आहेत तोवर."

पण गोळीचं बटण उजव्या अंगठ्याखाली. विमान सुरुवातीलाच फुटायचं.

"बघता काय शालकबुवा? हसा की! बायकोचा भाऊ आणखी कशाला असतो?"

धाकटा सोफे शिवणारा, त्याचा अंगठा सुई दाबून दाबून दगड झालेला. लेकीच्या या डब्यात एक सोय होती. दोन रिमोटांनी मिळून एकच विमान चालवता यायचं. धाकटा दाजींच्या मागे बसला, दुसरा रिमोट उशीखाली धरला आणि गुपचूप गोळ्या मारू लागला.

विमान सुसाट निघालं. दुसरा टप्पा, तिसरा टप्पा.

"अगं, ऐकलंस का! अंगठा वळायला लागला!"

ताई पिठाच्या हातांनी धावत आली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. धाकट्याने रिमोट उशीखाली आणखी आत ढकलला. दाजींनी लगेच कारखान्यात फोन लावला. "पुढच्या महिन्यात येतोय. माझं मशीन कुणाच्या हाती देऊ नका."

उद्या सांगू, उद्या सांगू, असं धाकटा रोज मनाशी म्हणत राहिला.

एका संध्याकाळी खेळ चालू असताना ताईने चहा आणला. दाजींनी ऐटीत उजव्या हाताने कप उचलला. भरला कप मांडीवर कलंडला. ताई किंचाळली, धाकटा दचकून उठला, आणि उशीखालचा रिमोट फरशीवर आपटला. पडद्यावरच्या गोळ्या थांबल्या.

दाजींनी भाजलेल्या मांडीकडे बघितलंच नाही. ते पडद्याकडे बघत होते.

"तू मारत होतास होय रे?"

"दाजी, मला वाटलं..."

"कारखान्यात फोन तूच कर आता. माझ्याच्याने बोलवणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून दाजी एकटेच खेळले, गोळी न मारता, नुसते चुकवत. गोळी मारा की मारू नका, आभाळ आपलं सरकतच राहतं. पण तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी एक भिंत येते, ती गोळीशिवाय फुटत नाही.

"एवढी एक मारू का?" धाकटा विचारायचा.

"हात लावायचा नाही."

विमान रोज त्या भिंतीवर जाऊन आदळायचं. पुढे डावा हातही गेला, आणि रिमोट खणात गेला.

दाजी पुढच्या वर्षी, लेक बाळंत व्हायच्या महिनाभर आधी, एका मंगळवारी सकाळी वारले.