निळ्या पेन्सिलीचा रस्ता

डोंगर पेटल्याला तिसरा दिवस होता आणि आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत कोलांट्या मारायच्या गाद्यांवर बसलो होतो. माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, शेजारच्याच गादीवर होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. कोलांटी तेवढी शिकायची राहिली होती, असं त्या सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या.

हसायचं ते तेवढंच. बाकी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. पहिल्या दिवशी मदतकेंद्राला फोन लावला, तर अर्धा तास नुसतं संगीत ऐकवलं. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. आम्ही माना वर करून बघत राहिलो, आणि ते आमच्या डोक्यावरून दुसऱ्याच डोंगराकडे निघून गेलं. सकाळी सांगायचे काळजी करू नका, दुपारी सांगायचे सामान बांधा. माझ्या मुलाचं सुतारकामाचं दुकान आमच्या घराला लागूनच आहे, वीस वर्षांत एकेक यंत्र जोडत उभं केलेलं. आत कोरडी लाकडं छतापर्यंत. तो दुकानाची किल्ली नुसती या हातातून त्या हातात करत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अग्निशमन दलाच्या अधिकारी बाईंनी भिंतीवर नकाशा लावला. चार-सहा तुकडे शेजारी शेजारी चिकटवून केलेला मोठा नकाशा. बाई तिशीतल्या असतील. डोळे धुराने लाल, बुटांवर राख. त्यांनी लाल पेनाने एक रेघ ओढली, ती नदीकाठच्या मोठ्या रस्त्यावरून. आग इथे अडवणार, म्हणाल्या. आमची गल्ली, अकरा घरं, त्या रेघेच्या वरच्या बाजूला राहिली.

मुलाने विचारलं, वर का नाही अडवत? बाईंनी खरं ते सांगितलं. उतारावर उभं राहायला जागा नाही. रस्ता नसेल तिथे माणसं पाठवली तर ती परत येतीलच असं नाही. घरांसाठी माणसं घालवणार नाही. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मुलाने मान हलवली आणि किल्ली खिशात टाकली.

मी उठून नकाशाजवळ गेले. तुकडे ओळखीचे होते. चष्मा वर करून बघितलं, तर चौदा आणि पंधरा या दोन तुकड्यांच्या जोडावर, जिथे एक बारीक काळी रेघ हवी होती, तिथे काहीच नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी नव्हतं, तसंच.

ते कसं ते सांगते. मी आणि वन्सं दोघी भूमापन कार्यालयात नकाशे गिरवायला होतो. लांबच लांब खोली, उत्तरेकडे खिडक्या, उतरत्या टेबलांच्या दोन रांगा आणि बारा बायका. गिरवायचं कापड खळ दिलेलं, काचेसारखं गुळगुळीत. त्यावर पावडर चोळायची, मग शाई धरते. वाया गेलेलं कापड घरी नेऊन उकळलं की खळ निघून असं मऊ सुती कापड हाती यायचं, की त्या खोलीतल्या सगळ्यांच्या पोरांनी त्याचीच झबली घातली. वन्संचं टेबल माझ्या शेजारी. माझं अक्षर बघून त्यांनी मला आपल्या भावासाठी पसंत केलं. भावाला नंतर विचारलं.

आमच्या खोलीचा एक रिवाज होता. दोन तुकड्यांच्या जोडावर काही आलं, रस्ता म्हणा, ओढा म्हणा, तर ते एकटीने शाईने काढायचं नाही. दोन्ही कापडं कडेला कड लावून टाचायची, एकीने दाबून धरायचं, दुसरीने एका दमात रेघ ओढायची. तोवर निळ्या पेन्सिलीने खूण करून ठेवायची. निळी पेन्सिल छपाईत उमटत नाही, म्हणून ती.

चौदावा तुकडा माझा, पंधरावा वन्संचा. जोडावरून डोंगराच्या कमरेने एक रस्ता जात होता, वरच्या खाणीतला दगड उतरवण्यासाठी बांधलेला. मी कच्च्या कागदावर तो तीनदा काढला होता. शाई करायची तेवढी राहिली आणि माझी लग्नाची रजा सुरू झाली. वीस दिवसांनी परत आले तर कापडं छापखान्यात गेलेली. वन्संनी निळी खूण करून माझी वाट बघितली होती, आणि त्या एक दिवस तापाने घरी असताना साहेबांनी सगळा गठ्ठा उचलून पाठवून दिला होता.

छापील नकाशा हातात आला तेव्हा रस्ता नाही हे मला दिसलं. मी गप्प बसले. चौकशी झाली असती तर शेवटचा हात वन्संचा निघाला असता, आणि त्यांची बढती तोंडावर आली होती. नव्या नवरीने नणंदेचं नाव पुढे करायचं? तशीही खाण बंद पडली होती. त्या रस्त्याने जाणार कोण, असं मनाला समजावलं. पुढचे नकाशे आमच्याच नकाशावरून झाले. रस्त्यावर दोन्ही बाजूंची झाडं मिटली, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोतही तो कुणाला दिसला नाही. वन्सं आणि मी भिंतीला भिंत लागून राहतो आणि रोज भांडतो, पण हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. त्यांना तो माहीतच नाही, असं मी धरून चालले होते.

मी अधिकारी बाईंना म्हटलं, “इथे रस्ता आहे. दगडी बांधणीचा, ट्रक जाईल एवढा. नकाशात नाही, कारण तो माझ्याकडून काढायचा राहिला. चूक माझी.”

मुलगा माझा दंड धरून हळूच म्हणाला, “आई, त्यांना त्यांचं काम करू दे.”

तेवढ्यात मागून आवाज आला. “तिची कसली चूक? ती तर लग्नात मिरवत होती. चूक माझी आहे.”

वन्सं गादीवरून उठून, गुडघे धरत, आमच्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनाही तेव्हाच दिसलं होतं. त्याही माझं नाव येईल म्हणून गप्प बसल्या होत्या. मी म्हटलं, तुम्हाला ताप होता. त्या म्हणाल्या, ताप काही अठ्ठेचाळीस वर्षं नव्हता. आम्ही चूक एकमेकींच्या हातातून ओढून घेऊ लागलो, तशा बाई मध्ये पडल्या.

“आज्या, भांडण नंतर,” त्या म्हणाल्या. “ठरवायला माझ्याजवळ तासभरच आहे, वारा फिरायच्या आत माणसं जागेवर हवीत. तुमच्या आठवणीवर मी माणसं वर कशी पाठवू?”

त्यांचंही बरोबर होतं. मी म्हटलं, “माझ्या एकटीच्या नका पाठवू. कागद द्या.”

शाळेच्या स्वयंपाकघरातून केक भाजताना खाली घालतात तो पातळ कागद आणला. आरपार दिसतो, आमच्या कामाला तसाच लागतो. बाईंनी दोघींना वर्गातल्या दोन बाकांवर पाठीला पाठ लावून बसवलं. दोघींपुढे नकाशाची एकेक प्रत ठेवली, वर कागद, हातात पेन्सिल. बोलायचं नाही. वन्सं म्हणाल्या, परीक्षेला बसवलंत, आता ही नापास झाली तर मी माझा भाऊ परत मागेन.

मी कागद नकाशावर ताणून बसवला. मग नकाशाचा कोपरा जुळवला, श्वास आत घेतला आणि हाताने आपलं काम सुरू केलं. जुन्या खाणीपासून निघायचं. पहिलं वळण अर्ध्या नखाएवढं. मग सरळ. ओढ्यावर मोरी, तिथे दोन आडव्या रेघा. मोरीनंतर रस्ता थोडा वर चढतो आणि आमच्या गल्लीच्या डोक्यावरून बोटभर अंतर ठेवून पलीकडच्या मोठ्या रस्त्याला मिळतो. एवढी वर्षं झोप आली नाही की मी तो मनात गिरवत होते. दहा मिनिटांत पेन्सिल खाली ठेवली. वन्संची माझ्या आधी खाली आली होती. त्या नेहमीच वेगाने काम करायच्या.

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावले. बाहेर धुराचा पिवळा उजेड होता. काचेवर एकच रेघ दिसली. बाईंनी वरचा कागद थोडा सरकवला, तेव्हा दोन झाल्या. पुन्हा जुळवला, पुन्हा एक. मोऱ्यासुद्धा एकमेकींवर बसल्या होत्या.

मुलाने खिशातली किल्ली चाचपली.

बाई वायरलेसवर बोलू लागल्या तेव्हा आवाजच बदलला होता. बुलडोझरवाल्याला त्यांनी आधी मोरीपर्यंत एकटं जाऊन बघायला सांगितलं. खाली दगड लागला तरच पुढे. तो पाऊण तास मी कधी विसरणार नाही. वन्संनी माझा हात धरला होता आणि तो दुखतोय हे मला नंतर कळलं. मग खरखर झाली आणि त्याचा आवाज आला. “मोरी लागली. खाली दगड आहे, पक्का. वर नुसती झुडपं आहेत. ही कुणी सांगितली?”

बाई म्हणाल्या, “ज्यांनी काढली त्यांनीच.”

दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला. पाण्याच्या सहा गाड्या वर गेल्या. माणसांनी रस्त्याच्या वरच्या अंगाचं गवत स्वतःच जाळून टाकलं, म्हणजे आग आली तर तिला खायला काही उरणार नाही. चारच्या सुमारास ती आली. व्यायामशाळेच्या पायऱ्यांवरून आम्हाला सगळं दिसत होतं. ज्वाळा उताराने धावत आल्या, काळ्या पट्ट्यापाशी पोचल्या, उंच झाल्या, आणि तिथेच बसल्या. तासाभराने तिथे नुसता पांढरा धूर होता. अकराच्या अकरा छपरं उभी. मुलाने खिशातून किल्ली काढली, उगाच एकदा वर उडवली आणि झेलली. लहानपणी असंच करायचा.

संध्याकाळी बाई परत आल्या. तोंड काळं, दात तेवढे पांढरे. त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवून टेबलावर पसरला, लाल रेघेवर फुली मारली आणि काळं पेन माझ्यापुढे धरलं. माझ्या हाताने नको, म्हणाल्या, तुम्हीच काढा.

चौदा आणि पंधरा यांच्यातला चिकटपट्टीचा जोड जरा उघडला होता. वन्संनी न सांगता दोन्ही कडा जुळवल्या आणि तळहातांनी दाबून धरल्या. त्यांच्या बोटांची पेरं सुजली आहेत हल्ली, पण कागद हलला नाही. मी खाणीवर पेन टेकवलं.

“ओढ,” वन्सं म्हणाल्या. “आणि पूर्ण होईपर्यंत रजेवर जाऊ नकोस.”

मी एका दमात ओढली.