रिकाम्या बंगल्यासमोर

लालमतीच्या देवळात शनिवारी दुपारी मराठीचा वर्ग सुटला की विद्यावती पुस्तक सांगायची. ती फ्लाकच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. परीक्षेला लागलेली एक कादंबरी ती बायकांना मराठीत, अडलं तर बेटावरच्या क्रेओल बोलीत उलगडून देत होती. कादंबरी दूरच्या त्रिनिदाद बेटावरची. इथल्यासारखाच तिथंही ऊस, तिथंही हिंदुस्थानातून करारावर नेलेली माणसं. तिचे वडील चंद्रमोहन मागच्या बाकावर बसून ऐकायचे. उसाच्या मळ्यावर त्यांनी उभा जन्म सिरदारकी, म्हणजे मुकादमकी केलेली. पोरीचं कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर मावत नसे.

त्या शनिवारी गोष्टीतही मुकादम आला. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यासमोर मजुरानं सायकलवरून खाली उतरायचं, असा तिथला रिवाज. एक जण उतरला नाही. मुकादमानं आपणहून जाऊन चहाडी केली आणि त्या माणसाचं बिऱ्हाड मळ्यावरच्या खोलीतून रस्त्यावर आलं. पुढे देश स्वतंत्र झाला, साहेब निघून गेला, तरी हा शहाणा मुकादम रिकाम्या बंगल्यासमोर सायकलवरून उतरतच राहिला. बायका पोट धरून हसल्या.

चंद्रमोहनांनी मात्र पुढच्या बाकाकडे पाहिलं. तिथं सत्यवती बसली होती. तिचा नवरा हरिप्रसाद वीस वर्षांपूर्वी असाच इथल्या बंगल्यासमोर उतरला नव्हता आणि त्यांचंही चंबूगबाळं असंच बाहेर पडलं होतं. साहेबानं व्हरांड्यातून पाहिलं, अशी गावाची समजूत. साहेब कसला पाहतोय, तो जेवून आडवा झाला होता. चहाडी चंद्रमोहनांची. पुढे हरिप्रसाद वारला, तरी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

पोरीला कुणीतरी सांगितलं आणि तिनं बापाला गोष्टीत घुसडलं, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. घरी पोचेपर्यंतही दम निघेना. बायका उठू लागल्या तसं त्यांनी विद्यावतीला खांबाशी गाठलं आणि हे कुणी सांगितलं म्हणून दरडावलं. ती गोंधळली. तिनं पान उघडून ओळीवर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण छापलेलं छापलेलंच असतं, एवढं कळत होतं.

"बाबा, लिवणाऱ्यानं आपलं गाव ऐकलंबी नसंल," ती म्हणाली. "तिकडंपन असंच झालं."

चंद्रमोहनांनी त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं. हे पाप जगात आपण एकट्यानंच केलं, असं ते इतकी वर्षं समजत होते. आणि समुद्रापलीकडे तोच बंगला, तीच सायकल, कुणी न सांगता साहेबाची राखण करणारा तसाच एक मुकादम! माणसं वाकवायचा साचाच होता तो. बिचाऱ्यांना क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. साचा परक्यांचा असेल, जीभ तर स्वतःची होती.

सत्यवती चपला घालत होती. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"वैनी, हरीचं नाव म्याच सांगितलं हुतं. सायबानं न्हाई पाह्यलं."

सत्यवतीनं दुसरी चप्पल घातली, पदर सारखा केला.

"ठावं हाय, भावजी. तुमाला बंगल्यात शिरताना ह्यांनी पाह्यलं हुतं. मला म्हनले, इचारू नको, त्यो आपनहून सांगंल. मरस्तवर वाट बघितली त्यांनी."