एकेक सेल थंड होताना

आमच्या खोऱ्याच्या वर, बर्फाच्या कडेला, हिमबिबट्या टिपायला नऊ कॅमेरे बांधून ठेवलेले आहेत. समोर काही हललं की ते आपोआप फोटो काढतात. त्यांचे पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल बदलायचं काम माझं. फोटो खाली आणले की मी ते तायकेंना, म्हणजे माझ्या मामांना, वर्णन करून सांगते. जन्मभर डोंगर तुडवलेला माणूस, आता त्यांना नुसता उजेड-अंधार कळतो.

एकदा स्वस्तातला चार्जर खिडकीपाशी लावून मी घोडी दोहायला गेले. परतले तर घरात जळका वास. दोन सेल गळलेले, खालच्या नमद्याला, लोकरीच्या जाड गालिच्याला, भोक. तायके हातभर अंतरावर गाढ झोपलेले. मी आधी चार्जर ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी नारिन शहराच्या बाजारात बुरुलचा एजेकडे गेले; एजे म्हणजे ताई. ती रेडिओ, कॅमेरे दुरुस्त करते. तिने आधी सेल मागितले, त्यांवरची अक्षरं वाचली आणि गळलेले दोन बाजूला काढले. ते पुन्हा लावायचे नाहीत म्हणाली. माझा चार्जर सेल भरला तरी वीज ढकलतच राहायचा. मी तासाभरात भरणारा, दिव्यांचा झगमगाट असलेला चार्जर उचलला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"घाई कुणाला आहे? तुला की बिबट्याला?"

मग तिने ह्याच जातीच्या सेलांसाठी बनवलेला, साधासा चार्जर दिला. तो प्रत्येक सेल वेगळा तपासतो आणि भरला की स्वतःच थांबतो.

घरी तो पत्र्याच्या ताटात, नमद्यापासून लांब ठेवला. तायके जवळ येऊन बसले. सेलांवर अलगद बोट ठेवून म्हणाले, "कोंबडीखालचं अंडं असंच उबदार लागतं बघ."

दुपार सरकत राहिली. उन्हाचा चौकोन भिंतीवर चढला. मला हिरवा दिवा दिसायचा. त्यांना थोड्या वेळाने सेल निवलेला कळायचा. "हा झाला," ते हळूच म्हणायचे.

तीन आठवड्यांनी फोटो आणले. बिबट्या नव्हताच. गवत हललं होतं, त्याचे दोनशे फोटो, सगळ्यांत धुकं. मी हिरमुसले.

तायकेंनी उशी पाठीशी घेतली. "धुकं कुठून येतंय?"

"डावीकडून. खडकाला वळसा घालून."

"म्हणजे खिंडीतून," ते म्हणाले आणि डोळे मिटले. "पुढचा सांग."

मी दोनशेच्या दोनशे सांगितले. मधेच कधीतरी त्यांचे पाय चालत असल्यासारखे हलू लागले.