हिल्लाची जागा

आमच्या उत्तर फिनलंडात माणूस आपलं दुखणं सांगेल, घरातलं भांडण सांगेल, पण हिल्ला कुठे सापडते ते सख्ख्या भावालाही सांगणार नाही. हिल्ला म्हणजे दलदलीत पिकणारी सोनेरी बेरी. माझे सासरे उर्हो आणि सासूबाई लेम्पी लग्न झाल्यापासून दर जुलैत बादल्या घेऊन दोन वेगळ्या दिशांना निघतात आणि मग कोणाचा मुरंबा सरस यावरून हिवाळाभर भांडतात.

अलीकडे मात्र दोघांच्याही बादल्या रिकाम्याच येत होत्या. उन्हाळे असले तापायला लागलेत की दलदल पार सुकून जाते. त्यात पाइन वाढावेत म्हणून सासऱ्यांच्या पिढीने खणलेले चर उरलंसुरलं पाणी ओढ्यात नेऊन सोडतात. ते पाइन अजून माझ्या कमरेएवढेच आहेत.

गेल्या वर्षी गावाने चर बुजवायला काढले. पोकलेन चालवते मी. मशीन शुक्रवारी दुसऱ्या गावी जाणार होतं आणि उरलेल्यांपैकी एकच चर उरकण्याइतका वेळ होता. बुधवारी जेवताना मी म्हटलं, तुमची हिल्लाची जागा सांगा, तिथलाच बुजवते. नाहीतर ती जागा गेलीच समजा.

सासरे माशाचे काटे काढण्यात गढून गेले. सासूबाईंना अचानक चुलीतलं लाकूड आठवलं.

संध्याकाळी सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर सासऱ्यांनी मला गाठलं. आधी दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"मेर्वी, लेम्पीला यातलं अक्षर कळता कामा नये. गवताचं पडकं खोपटं आहे ना, त्याच्यामागे. जुळ्या खडकांपाशी."

सकाळी सासूबाई कॉफीचा थर्मास घेऊन थेट मशीनपाशी आल्या.

"त्या म्हाताऱ्याला सांगितलंस तर याद राख. पडक्या खोपटामागे जुळे खडक आहेत, तिथे."

मी कॉफीचा घोट कसाबसा गिळला आणि दोघांना दिलेला शब्द पाळला.

दुपारी जुळ्या खडकांजवळच्या चरात मी माती दाबत होते, तेव्हा डावीकडून सासरे आले, उजवीकडून सासूबाई. मध्ये पोकलेन. मी ते हळूच मागे घेतलं.

"तू इथे कशी?"

"पाय मोकळे करायला. आणि तू?"

"मीपण."

सासूबाईंनी खडकाच्या फटीतून एक पत्र्याचा कप काढला. "म्हणजे हा तुझा? किती वर्षं मी यातून पाणी पितेय."

"आणि मी विचार करायचो, हा विसळून पालथा कोण घालतं."

चरात पाणी तुंबायला लागलं, शेवाळात शिरलं, सासऱ्यांच्या बुटांशी आलं. ते हलले नाहीत.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये खडकांभोवती पांढरी फुलं आली. जुलैत दोघं बादल्या घेऊन निघाले, एक डावीकडून, एक उजवीकडून. मी सहज विचारलं, कुठे निघालात?

"असली जागा कोणाला सांगतात का," सासरे म्हणाले.

सासूबाईंनीही मान डोलावली. त्यांच्या एप्रनच्या खिशातून दुसऱ्या एका कपाचा कान डोकावत होता.