देवळामागच्या वाडीची लूट

त्या साली वांग्यांनी गोजरबाईला सळो की पळो करून सोडलं.

सकाळी तोडावीत तर दुसऱ्या सकाळी पुन्हा झाडाला लटकलेली. जांभळी, पांढऱ्या रेघांची, देठाला काटे नि गालाला चकाकी, लग्नघरातल्या करवल्यांसारखी नटून बसलेली. पलीकडे लाल भेदरं, म्हणजे टमाटे, पिकून फुटायला आली होती. मुळ्यांनी जमिनीतून खांदे वर काढले होते. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, गाजरं, वालाच्या शेंगा. आणि कुंपणावर कोहळी अशी चढून बसलेली, जणू गावातला तमाशा बघायला जागा धरली आहे.

वाडी होती निंबखेडीच्या ख्रिस्ती देवळामागं. निंबखेडी म्हणजे जळगाव जामोदच्या वरच्या अंगाचं गाव, जिथं सातपुडा गुडघे मोडून बसल्यासारखा दिसतो. देऊळ कसलं, कवलारू घर, वर एक घंटा. दिवाळीच्या तोंडावर नको तो पाऊस आठवडाभर कोसळला, ज्वारीची कणसं काळी पडली, कापूस बोंडातच कुजला. नागपूरच्या कागदावर मात्र पीक आठ आणे, म्हणजे निम्मं, उतरलं, त्यामुळे सरकारातून कुणाला काही मिळायचं नव्हतं. तेव्हा देवळाची मंडळी, म्हणजे उणीपुरी दहा घरं, उपासनेनंतर ओट्यावर बसली आणि पास्तर उत्तमराव म्हणाले की आपल्याकडे विहीर आहे, पडीक जागा आहे, हात आहेत. ज्यांच्या घरी चूल रुसली आहे त्यांच्यासाठी भाजी तरी लावू. सगळे हो म्हणाले. ज्याला जसा वेळ मिळेल तसा तो येऊन मोट धरी, वाफे बांधी, निंदण करी. गोजरबाईला मागंपुढं कुणी नव्हतं. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, लेकरू झालंच नाही. ती पहाटेपासून वाडीत असे, आणि कुणी न नेमता तिथली मुकादम झाली.

भाजी आली. पण न्यायला कोणी येईना.

भरली टोपली फाटकाशी ठेवावीत, तर संध्याकाळी तशीच. लोक पलीकडून जाताना टोपल्यांकडे बघत आणि मग आभाळाकडे बघत. कुणी म्हणे, पास्तराचं वांगं खाल्लं की माणूस बाटते. शेजारच्या कडूबाच्या बकरीनं एकदा दोरी तोडून अर्धा वाफा मेथी फस्त केली, तर गावानं तिचं नाव मार्थाबाई ठेवलं, आणि ती दिसली की पोरं तिला हात जोडून सलाम करत. बकरी काही बाटली नाही. उलट दूध जास्त देऊ लागली. तरी फाटकाशी कोणी थांबेना, कारण खरी अडचण बाटण्याची नव्हतीच. ती होती हात पसरण्याची.

हे गोजरबाईला वच्छलाबाईनं तोंडावर सांगितलं होतं. दोघी मोताळ्याकडच्या एकाच गावच्या लेकी, एका विहिरीवर पाणी भरलेल्या, एकीचं तोंड पोळलं तर दुसरीनं फुंकर घातलेली. पुढं गोजरीच्या घरानं धर्म बदलला, वच्छलीच्या घरानं नाही; पण दोघी योगायोगानं एकाच गावात नांदायला आल्या आणि मैत्री तशीच राहिली. आता वच्छलाबाईचा नवरा शेषराव गाडीवरून पडून कंबर मोडून खाटेवर होता, पोरगी दूर दिली होती, आणि घरात ऐंशीच्या पुढची सासू तानुबाई. त्या घराच्या कवलांतून सांजचा धूर कधी निघे, कधी निघत नसे. गोजरबाई वाडीतून रोज त्या कवलांकडे बघे. धूर दिसला की तिला घास गोड लागे.

एका दुपारी ती टोपलं घेऊन गेलीच. वच्छलाबाईनं ते घेतलं, आत नेलं, नि तसंच भरलेलं बाहेर आणलं. वर मूठभर तीळ ठेवले होते. दारी आलेलं भांडं रितं पाठवायचं नाही, ही त्या घरची रीत.

“गोजरे, तू मायी मैतरीन हायेस म्हनून सांगतो,” ती म्हणाली. “भूक लागली तं मी पानी पिईन. पन देल्लेलं खाल्लं तं मले मायाच चुलीपाशी बसता येनार नाई.”

त्या घरातले ते शेवटचे तीळ असावेत, हे गोजरबाईला रस्त्यात कळलं. ती भर रस्त्यात टोपलं खाली ठेवून त्या तिळांवर चिडली.

मग संक्रांत आली, आणि हिंमतराव पाटलांच्या नातवाची लूट निघाली.

लूट म्हणजे आपलं बोरन्हाण. लेकराला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे, आणि गावच्या पोरांनी ते लुटायचं. गोजरबाई सहज वाड्याच्या दाराशी उभी होती. पोरांचा नुसता ढीग झाला होता, ढिगातून पाय निघत होते, पायांतून बोरं. त्यात सावकाराचं पोरगं होतं, सालदाराचंही होतं. एकाच्या आईनं पदर पसरून म्हटलं, आण इकडं, सांडशील. तिला कुणी भिकारीण म्हटलं नाही. पाटलीणबाई उलट म्हणाल्या, अजून घे वो, लेकराले आयुष्य लागते.

गोजरबाईच्या डोक्यात घंटाच वाजली. ती तिथून जी निघाली ती धावतच, वयाचं भान न ठेवता, लुगड्याचा ओचा हातात धरून, थेट पास्तरांच्या स्वयंपाकघरात.

पास्तरांना वर्षाच्या आतली मुलगी होती. उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. ही रीत आपल्यात बसते का, वरच्या साहेबांना काय सांगायचं, असं ते बोलू लागले. त्यांच्या बायको पुष्पाबाई पिठाचे हात घेऊन वळल्या. माझ्या आईनं माझी लूट केली होती, त्या म्हणाल्या, आणि माझ्या लेकीची राहिली म्हणून मला कालपासून झोप नाही. बोरांना कुठला आलाय धर्म. उत्तमराव म्हणाले की मग आधी प्रार्थना होईल. गोजरबाई म्हणाली, दोन करा, पण बोरांबरोबर वांगी पडतील. यावर पास्तरांनी काय विचारलं असतं कोण जाणे, पण ते हसू लागले, आणि हसणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

रथसप्तमीच्या आधीचा रविवार ठरला. गोजरबाई घरोघर आवतण देत फिरली. भाजीचं नाव नाही. पास्तराच्या लेकीची लूट आहे, लेकरं घेऊन या, एवढंच. लेकराच्या आवतणाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. वच्छलाबाईसुद्धा म्हणाली, येईन.

शनिवारी वाडीत बायांची झुंबड. वांग्यांचे काटे काढा, भेदरं निवडा, शेंगा सोला की नको. नकोच, पोरांना झेलायला बरं. लाल कोहळ्याचं काय करायचं यावर मोठा खल झाला. लेकराच्या डोक्यावर कोहळं टाकणं देवालाही आवडणार नाही, असं पास्तरांनी स्वतः येऊन सांगितलं. शेवटी कोहळी जमिनीवरून गडगडत सोडायची, असं ठरलं.

आणि रविवारी अख्खं निंबखेडी देवळामागं लोटलं. प्रार्थना झाली, उत्तमरावांनी ती आखूड ठेवली, कारण पोरं शर्यतीतल्या बैलांसारखी खुरं घासत होती. लेकीला पाटावर बसवलं. आधी बोरं पडली, घाटे पडले, मग गाजरांची सर आली, मग मेथीच्या जुड्या फुलांसारख्या, आणि मग चहूबाजूंनी वांगी. पोरं क्षणभर थबकली. वांगं लुटायचं असतं का, असं एकमेकांकडे बघून घेतलं, आणि तुटून पडली. कुणाच्या सदऱ्यात मुळे, कुणाच्या टोपीत भेदरं. एक कोहळं गडगडत गेलं ते चौघांना आडवं करून विहिरीच्या काठाशी थांबलं. भगवानराव नावाचा मिशाळ गडी दोन्ही काखांत कोहळी घेऊन निघाला, नि विचारलं तर म्हणे, पोट्ट्याचे धरून राह्यलो. त्याचा पोट्टा पाळण्यात होता. मार्थाबाई बकरीही येऊन गेली. बायांचे पदर भरले, पाट्या भरल्या, आणि लाजायला कुणाला सवडच मिळाली नाही.

पाटावरची पोरगी एक मुळा छातीशी धरून साऱ्यांवर राज्य करत होती.

गोजरबाई हसून हसून डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता तिला भिंतीशी वच्छलाबाई दिसली. हात बांधून उभी, शेजारी काठीवर टेकलेली तानुबाई. वच्छलाबाईही हसत होती. पण तिच्या पदराला काही लागलं नव्हतं, आणि लागणारही नव्हतं. लूट पोरांची असते. त्या घरात पोर नव्हतं.

गोजरबाईचं हसू तिथल्या तिथं विझलं. ज्या एका घरासाठी हा सारा खटाटोप मांडला, तेच घर तिच्या हिशेबातून निसटलं होतं. साऱ्या गावाला पुरून अजून पाच-सहा टोपली भरलेली होती, आणि ती तिथं नेऊन दिली तर पुन्हा तेच. वर ठेवायला आता तीळसुद्धा नसतील. इतक्यात पास्तरांची लेक पेंगून रडू लागली, पुष्पाबाईंनी तिला उचललं, आणि पाट रिकामा झाला. लोक घराकडे वळू लागले.

तेव्हा काठीची टकटक ऐकू आली. तानुबाई भिंत सोडून निघाली होती. गर्दीनं वाट दिली. म्हातारी पाटापाशी आली, काठी बाजूला ठेवली, हळूहळू खाली बसली, मांडी घातली, आणि नीट ऐसपैस पदर पसरला.

“आत्याबाई, उठा,” वच्छलाबाई धावत आली. “लूट लेकराची असते.”

“मंग मी कोन हावो?” तानुबाईनं तिला विचारलं. “चालता येत नाई. दात नाई. भाताचे गोळे करून तूच भरवतं. पाह्य बरं.” आणि तिनं साऱ्या गावाला तोंड उघडून दाखवलं. गुलाबी हिरड्या, बाकी काही नाही.

गाव हसलं. वच्छलाबाई लाल झाली.

“बरं, टाकीन कोन?” गोजरबाईनं विचारलं.

“कोन म्हंजे? घरची सून. लुटीत पयली ओंजळ घरचीच असते.”

वच्छलाबाई उभीच राहिली. तिनं गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाईनं दुसरीकडे पाहिलं, कारण पाहिलं असतं तर ती रडली असती किंवा हसली असती, आणि दोन्हीनं घात झाला असता. मग वच्छलाबाईनं टोपल्यातून दोनच बोरं उचलली आणि सासूच्या डोक्यावर अल्लद सोडली.

“सासऱ्याच्या पिंडाले वाहून राह्यली का वं?” म्हातारी म्हणाली. “टाक ना नीट.”

वच्छलाबाईनं ओंजळभर गाजरं टाकली. मग वालाच्या शेंगा. मग एक वांगं. वांगं म्हातारीच्या खांद्याला लागून पदरात पडलं, टप्प. वच्छलाबाईच्या घशातून एक आवाज निघाला, हुंदक्यासारखा. पण तो हुंदका नव्हता. तिनं दुसरं वांगं टाकलं. तिसरं जरा उंचावरून. एक म्हातारी बाई मागून म्हणाली, टाक वच्छले, इतक्या वर्षांचं टाक, आणि सगळ्या सुना एकदम हसत सुटल्या. ज्यांच्या सासवा जिवंत होत्या त्या जास्तच. वच्छलाबाईनं पदर खोचला. आता टोपलंच उचललं तिनं, भेदरं, मेथी, कांद्याची पात, सगळं त्या पांढऱ्या डोक्यावरून धो धो, आणि त्या धबधब्याखाली तानुबाई डोळे मिटून ताल धरून म्हणत होती,

“लुटा वं बायांनो, लुटा माही बोरं,
सातपुड्याच्या खाली मी पुन्हा झाली पोर.
सून माही टाके वांग्यांचा पाऊस,
इतक्या वरसांची फिटली वं हाऊस.”

हाऊस कुणाची फिटली, सासूची की सुनेची, हे तिनं सांगितलं नाही. पास्तर उत्तमराव देवळाच्या भिंतीला कपाळ टेकून हसत होते, आणि त्यांचे खांदे हलताना पाहून पोरांना वाटलं, ते पुन्हा प्रार्थनेला लागले.

पोरं ढिगाकडे झेपावली, तशी तानुबाईनं काठी उचलली. भुईवरचं तुमचं, तिनं बजावलं, पण ओटीतलं जिच्यावर पडलं तिचं. ते मोडलं तर लुटीला दोष लागतो. असा नेम तिथं कुणी कधी ऐकला नव्हता. पण ऐंशीच्या पुढच्या लेकराशी वाद कोण घालणार?

ओटीच्या वजनानं म्हातारीला उठता येईना. एका बाजूनं गोजरबाईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं वच्छलाबाईनं. अशी तिघींची वरात गावातून निघाली. चार पावलं गेली की एक गाजर पडे, पोरं ते पळवत, आणि तानुबाई मागं वळून त्यांच्या खानदानाचा उद्धार करी. देवीच्या पाराशी वच्छलाबाईला हसू असं लोटलं की ती धुळीतच बसली. हसता हसता तिनं गोजरबाईला तिथूनच एक चापट मारली, जिथं हात पोचला तिथं, पोटरीवर.

“वांगे जून झाले तुहे,” ती म्हणाली. “तोडाले उशीर करतं. उद्या सकाळी मी येतो, मले वाफे दाखव.”

“येजो,” गोजरबाई म्हणाली.

तानुबाई दोघींच्या मधे ओटी सावरत उभी होती. तिला या बोलण्याशी काही कर्तव्य नव्हतं.

“उद्या कोनाची लूट हाय?” तिनं विचारलं.

गोजरबाई विचारात पडली. पास्तरांना लेक एकच. पण दात पडलेली माणसं गावात पुष्कळ होती, आणि वच्छलाबाईला हात देऊन उठवता उठवता ती एकेकाचं तोंड आठवू लागली.