मेणाच्या भिंतींची खोली

"खिडकी उघड गो जरा," महिपत ओटीवरूनच म्हणाला.

"रेश्माला वारं लागंल. तुमी तुमची गवंडीकामं बघा," त्याची बायको मैना आतून म्हणाली आणि कडी लावल्याचा आवाज आला.

खोली महिपतनेच बांधलेली. वाशिंदच्या साइटवर त्याने भिंतींत मेण भरलेल्या थाळ्या बसवल्या होत्या. दिवसाचं ऊन ते मेण पिऊन घेतं आणि वितळतं, आत झळ येत नाही. रात्री खिडक्या उघडल्या की गार वाऱ्याने पुन्हा गोठतं, दुसऱ्या दिवसासाठी तयार. उरलेल्या थाळ्या साहेबांनी त्याला देऊन टाकल्या. लेक रेश्मा पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून त्याने त्या सापगावच्या घरात बसवल्या आणि गावभर सांगत सुटला, "माझ्या नातवाला पंखा नको."

खिडक्या बंद राहिल्या तर मेण गोठणार नाही, खोलीची भट्टी होईल, हे घरात एकट्या त्याला माहीत होतं. त्यात खाटेखाली शेकाची शेगडी. पण बारशाआधी बाप्याने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही आणि आतल्या कामात तोंड घालायचं नाही. दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा सांगायची त्याला लाज वाटली.

बाळंतपणानंतर चौथ्या दुपारी मैना बाळाला घेऊन धावत ओटीवर आली. पोर तापलेलं, अंगावर पीत नव्हतं. रिक्षाने शहापूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलं होतं?" दिवस मावळायच्या आत बाळ गेलं.

घरी आल्यावर महिपतने कोणाला न विचारता आत शिरून शेगडी बाहेर काढली आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

दुसऱ्या दुपारी बाहेर ऊन रणरणत होतं. रेश्मा खाटेवर बसली होती, दुधाने चोळी भिजलेली.

"बाबा, आज खोली गार कशी?"

"रातभर खिडक्या उघड्या व्हत्या."

"मंग आधी का नाय उघडल्या?"

मैनाचा चेहरा पडला. "मीच बंद..."

"तिला ठावं नव्हतं," महिपत म्हणाला. "माला ठावं व्हतं. मी गप बसलो."

रेश्मा त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, आता ती बोलेल, शिव्या घालेल, बरं होईल.

"आये, वाटी दे," ती म्हणाली. "दूध काढून टाकते."

मैनाला उठवेना. महिपतच वाटी आणायला गेला.