मुठीबाहेरचा अंगठा

रेणापूरजवळच्या त्या गावात बसलिंगप्पांच्या किराणा दुकानासमोर सकाळपासून रांग लागली होती. तेल-साखरेसाठी नव्हे, त्यांच्या नातवाच्या अंगठ्यासाठी.

सतरा वर्षांचा राजशेखर गादीवर बसला होता. उंच, किडकिडीत, हात लांबच लांब. चार दिवसांपूर्वी पूजेत इष्टलिंग ठेवून घ्यायला त्याने डावा तळहात पुढे केला, तेव्हा पाहुणे आलेल्या आनंदराज महाराजांची नजर त्या बोटांवर पडली आणि गावाला अवतार लाभला.

“अंगठा आत घे, मूठ मीट,” महाराज म्हणाले. अंगठ्याचं टोक करंगळीच्या पलीकडे बाहेर आलं. “बघा. तुमचाआमचा अंगठा संसारात अडकतो. याचा पार निघाला. मुक्त आत्मा हाय.”

“पण ह्याला दम लई लागतो महाराज,” शेजारचा शेषेराव म्हणाला.

“प्राण वर चढून राहिला.”

“दिसतं बी कमी.”

“ह्या जगातलं कमी दिसतं.”

म्हणून महाराजांनी त्याचा चष्माच उतरवला होता. अवताराला भक्त पुसट दिसत आणि भक्तांना ती नजर दिव्य वाटे.

सोमवारी यात्रा होती. दांडगे गडी आळीपाळीने पेलतात ती देवाची उंच, जड नंदीकाठी यंदा राजशेखर एकटा पेलणार, असं महाराजांनी जाहीर केलं होतं.

रांगेत निवृत्त विज्ञानशिक्षिका उमादेवी होत्या. त्यांना तो अंगठा ओळखीचा वाटला. राजशेखरचा बाप शिवप्पा त्यांचाच विद्यार्थी. अशीच मूठ करून वर्गाला हसवायचा. पुढे पस्तिशीत, ह्याच दुकानात सोयाबीनचं पोतं उचलताना तो छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. देवाने बोलावलं, असं गावाने ठरवून टाकलं होतं.

बाईंनी पोराच्या मुठीचा फोटो लातूरला डॉक्टर असलेल्या भाचीला, विशाखाला पाठवला. बापाचं आणि काठीचंही कळवलं. लगेच फोन आला. “आत्या, फोटोवरून काही ठरत नाही. पण तपासल्याशिवाय त्याला काठी उचलू देऊ नकोस.” मग कोणत्या आजाराची शंका आहे, ते तिने समजावून सांगितलं.

बाई पुढे झाल्या. “महाराज, तुमचा अंगठा बघू.”

महाराजांनी मूठ मिटली. अंगठा आतच राहिला.

“संसारात लईच अडकलेत महाराज,” मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली.

“दामिनी, तू मीट.” राजशेखरच्या धाकट्या बहिणीने मूठ मिटली. टोक बाहेर.

“ही बी देवी हाय,” महाराज घाईने म्हणाले.

“आणि ह्यांचा बाप? अप्पा, शिवप्पाचा अंगठा निघायचा का?”

बसलिंगप्पांनी हातातलं वजन तराजूत ठेवलं. “निघायचा. समाधीत बसवताना त्याचे गुडघे मावंनात. खड्डा पुन्हा रुंद केला आपण.”

“अप्पा, पोत्याची शिवण सैल असली तर भरताना कळतं?”

“न्हाई. उचलताना उसवती.”

“शरीराला सांधून धरणारे धागे असतात. काहींचे जन्मापासून सैल असतात. बोटं लांबतात, डोळ्यातलं भिंग सरकतं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगते. वजन उचललं की तिथली शिवण उसवू शकते. आईबापांपैकी एकाला हा आजार असला तर प्रत्येक लेकराला तो येण्याचा संभव निम्मा. ह्यात कुणाचं पाप नाही आणि पुण्यही नाही.”

बसलिंगप्पा उठले. गल्ल्याजवळ ठेवलेला चष्मा त्यांनी नातवाच्या डोळ्यांवर चढवला. “शेषेराव, जीप काढ. लातूरला जायचंय. दोघांना घेऊन.”

महाराज दुपारच्या एसटीने गेले. खिडकीत बसून गुपचूप मूठ मिटून बघत होते म्हणे.

लातूरला हृदयाची सोनोग्राफी झाली. राजशेखरची रक्तवाहिनी फुगलेली निघाली, पण वेळेत सापडली. गोळ्या सुरू झाल्या, वजन उचलणं बंद झालं, दर वर्षी तपासणी ठरली. फुगवटा वाढलाच तर शस्त्रक्रियाही करता येते. दामिनीचं हृदय सध्या ठीक आहे. तिलाही तपासत राहायचं.

यात्रेत काठी नेहमीच्या गड्यांनीच पेलली. राजशेखर ओट्यावर बसून बघत होता आणि यंदा त्याला ती शेंड्यापर्यंत स्पष्ट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पोरं बाईंच्या अंगणात मुठी मिटून जमली. एकाचा अंगठा थोडा बाहेर आला, तो रडवेला झाला.

“अरे, नुसत्या अंगठ्याने आजार ठरत नाही,” बाई त्याला जवळ घेत म्हणाल्या. “महाराजांची नजर चांगली होती बरं का. खूण त्यांनीच आधी पाहिली. फक्त पाहून हात जोडले. तुम्ही खूण दिसली की आधी विचारा, हे असं का? आणि उत्तर तपासून घ्या. शिवप्पाच्या वेळी मीही हसण्यावारी नेलं. कुणी विचारलं असतं, तर तो आज दुकानात बसला असता.”